पाय जुळले की जमलं

१

जळक्या डांबराचा वास जिन्यापर्यंत आला होता. फ्यूजबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही. उलट मधल्या पायरीवर थांबून त्यांनी तो नीट हुंगून घेतला.

"ट्रान्सफॉर्मर गेलाय," दार उघडणाऱ्या सुनेला त्या म्हणाल्या. "आणि एकदम नाही गेला. सावकाश भाजून गेलाय. आत येऊ देतेस की दारातच उभी करतेस?"

फ्यूजबाई रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेल्या. हे नाव त्यांना फ्यूज बदलण्यावरून पडलं की त्यांचा स्वतःचा फ्यूज चटकन उडायचा म्हणून, यावर केंद्रात दोन तट होते. त्या स्वतः दुसऱ्या तटात मोडत. जगातल्या बहुतेक माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं आणि ते बदलायची पाळी त्यांच्यावर क्वचितच आली होती. या घराचे नाना हा त्यातला एक अपवाद. नाना त्यांचे जुने वरिष्ठ. अर्धांगवायूने नानांची वाचा आणि उजवी बाजू गेली, पण कान शाबूत राहिले. संध्याकाळ झाली की सून त्यांना वरच्या खोलीत नेई आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करून देई. मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्यामुळे नानांचं सगळं सूनच पाहायची.

तो अँप्लिफायर शनिवारी रेकॉर्डींच्या भर मैफलीत जळाला होता, आणि जाळला सुनेने, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

"मशीनचं जाऊ दे बाई," सून म्हणाली. "नाना माझ्या हातचं खात नाहीत. मी वाटी घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करतात. ताई म्हणतात, आता तुझ्या हाती माणूस ठेवणं बरं नाही. रविवारी त्यांना आपल्याकडे नेणार आहेत. कायमचे."

'ताई' म्हणजे सुनेची नणंद. 'आपल्याकडे' म्हणजे नानांच्या जावयाच्या घरी. तो जावई फ्यूजबाईंनी एकदाच पाहिला होता आणि तेवढ्यावर त्यांचं भागलं होतं.

"चल वर," त्या म्हणाल्या. "मशीनचं जाऊ दे म्हणू नकोस. जे काय झालंय ते मशीनवरच लिहिलेलं असणार."

२

वरच्या खोलीत जाड पडदे, पुढे नानांची आरामखुर्ची, तिच्यामागे तीन ऐसपैस खुर्च्या. या तीन खुर्च्यांवर दर शनिवारी नानांचा जावई, एक वकील आणि एक दाताचा डॉक्टर येऊन बसत. स्वतःला ते 'श्रवणवृंद' म्हणवून घेत. फ्यूजबाई त्यांना कानसेन म्हणायच्या, आणि तेही कानाखाली वाजवावी तशा सुरात.

"प्लग तेव्हापासून काढलेलाच आहे," सून म्हणाली.

"बंद मशीन मेलेलं असतं, असं मरणारेच समजतात. नानांनी काय शिकवलं तुला?"

"कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रिकामी केल्याशिवाय हात घालायचा नाही."

"मग कर."

सुनेने रेझिस्टर जोडलेली वायर आणली, एक हात पाठीमागे ठेवून कंडेन्सर रिकामे केले आणि मीटर लावून खात्री करून घेतली. फ्यूजबाई बघत राहिल्या. हात कुठेही अडखळला नाही. मशीन जाळणाऱ्या बाईचा हात असा चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण कानसेनांपुढे हात दाखवून भागणार नव्हतं.

"मैफलीआधी तू काय बदललं होतंस?"

"एक छोटा व्हॉल्व्ह. खरखर करत होता. मशीन गार होऊ दिलं, नंबर ताडून पाहिला, फडक्यात अलगद धरून नवा बसवला. काचेला बोट लावलं नाही, छापलेला नंबर पुसला जातो ना. मग सगळीकडचं व्होल्टेज मोजलं. दोन दिवस छान वाजलं."

फ्यूजबाई खाली वाकल्या. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या धुराने मशीनभर तपकिरी, चिकट थर दिला होता. छोट्या व्हॉल्व्हच्या काचांवर तो थर होता, रेक्टिफायरवरही होता. स्पीकरला जोर पुरवणारे आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह मात्र धुऊनपुसून ठेवल्यासारखे चकचकीत. काचेवर 'सिक्स व्ही सिक्स' हा नंबर ठसठशीत दिसत होता. आणि त्या प्रत्येकाच्या बुडाभोवती, तपकिरी थरात, पांढऱ्या पत्र्याचं एक स्वच्छ कडं उरलं होतं. फळीवरून मोठा डबा उचलावा आणि त्याच जागी छोटी डबी ठेवावी, म्हणजे धुळीत जसं कडं दिसतं तसं.

"यांना कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. सगळं आहे तसं ठेवायचं, असं तिघांनीही बजावलं होतं."

"शहाणेच आहेत," फ्यूजबाई म्हणाल्या. "अगं, धूर झाला तेव्हा हे दोन व्हॉल्व्ह इथे नव्हतेच. यांच्या जागी दुसरीच जोडी बसली होती."

३

सून खाली बसून पत्र्यावरची कडी बघू लागली. फ्यूजबाईंनी तिला बघू दिलं, पण विचार करण्यापासून सुटका दिली नाही.

"याच आठ पायांच्या, म्हणजे आठ पिनांच्या, सॉकेटात बसेल आणि बूड रुंद असेल, अशी जोडी कुठली?"

"सिक्स एल सिक्स. पण ती इथे चालत नाही, बाई. आतल्या हीटरला दुप्पट करंट खाते. नानांचा ट्रान्सफॉर्मर सिक्स व्ही सिक्सपुरताच आहे. सुरुवातीला वाजेल, मग आतून तापत जाईल. फ्यूजही उडणार नाही, कारण एकदम काहीच होत नाही." ती थांबली. "मागे या तिघांनी हाच हट्ट धरला होता. मोठे व्हॉल्व्ह घालून बघू म्हणाले. मी नको म्हटलं तर हसले. पाय जुळले की जमलं, म्हणाले. तिघंही."

"काय बसतं ते बघितलं, काय सोसतं ते नाही. शनिवारी तू खोलीत होतीस?"

"मैफलीआधी खाली नानांना आंघोळ घालत होते. तिघं आधीच वर आले होते, कधी कोण खोलीत, कधी कोण गच्चीत. नानांना खुर्चीत बसवलं आणि मी तिघांच्या चहासाठी खाली गेले; शनिवारी मशीन तेच चालू करतात. धूर दिसला तशी धावत आले, प्लग काढला आणि नानांना खुर्चीसकट बाहेर ओढलं. तिघं गच्चीत जाऊन उभे होते. धूर विरल्यावर एकेक जण आत जाऊन आपापली वस्तू घेऊन आला. चष्मा, छत्री, रेकॉर्डी."

म्हणजे जोडी बदलायला आणि पुन्हा बदलायला तिघांनाही सवड मिळाली होती, आणि तिघांच्याही घरी व्हॉल्व्हचं मशीन होतं. फ्यूजबाई आधी वकिलाकडे गेल्या.

वकील बोलताना समोर न्यायाधीश बसलेत असं समजून बोलायचा. "उघड उघड हयगय आहे, बाई. मी स्वतः नव्या व्हॉल्व्हचा डबा पाहिला. मूळ नंबर ईसीसी त्र्याऐंशी. या मुलीने बसवला बारा एएक्स सात. नंबर वेगळा, म्हणजे वस्तू वेगळी. आणि नानांना त्या आगीतून बाहेर काढलं कुणी? मीच."

"वकीलसाहेब, त्या व्हॉल्व्हला एका मुलखात ईसीसी त्र्याऐंशी म्हणतात आणि दुसऱ्या मुलखात बारा एएक्स सात. एकाच बाईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव. तुम्ही बायको बदलली म्हणून खटला भरताय आणि बाई तीच आहे."

वकिलाने घसा खाकरला. एवढी वर्षं तो त्या दोन नंबरांच्या आवाजातला फरक लोकांना समजावून सांगत आला होता. माणसं किती पोकळ असू शकतात याचं फ्यूजबाईंना आता नवल वाटेनासं झालं होतं.

"शनिवारी वाजत कसं होतं?"

"अप्रतिम. असा खर्ज जन्मात ऐकला नव्हता. नानासुद्धा डाव्या हाताने खुर्चीवर ताल देत होते."

फ्यूजबाईंनी तो ताल मनाशी नोंदवून ठेवला. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "नानांसाठी तसंच दुसरं मशीन उभं करायचंय. सिक्स व्ही सिक्स काही मिळत नाहीत. काय घालू?"

"सिक्स एल सिक्स घाला की. पाय जुळले की जमलं."

दाताचा डॉक्टर भेटला तो एका पेशंटच्या उघड्या तोंडात हात घातलेल्या अवस्थेत. नानांना बाहेर काढलं होतं ते त्यानेही, असं कळलं. खर्ज त्यालाही अलौकिक वाटला होता. फ्यूजबाईंनी तोच प्रश्न केला.

"सिक्स एल सिक्स. चांगले भारदस्त असतात. पाय तेच, बाई, मग अडचण काय?"

"तुम्ही दाढेच्या जागी कुणाचीही दाढ बसवता का हो, मुळं जुळली की?"

खुर्चीतल्या पेशंटने डोळे मोठे केले आणि तोंड मिटायचा प्रयत्न केला. फ्यूजबाई बाहेर पडल्या. आता एकच कानसेन उरला होता, आणि त्याने काय उत्तर दिलं की आपल्याला झोप लागेल, हे त्यांनी जिना उतरतानाच ठरवलं होतं.

४

जावयाच्या दिवाणखान्यात माणसांना बसायला जागा कमी आणि स्पीकरना जास्त. मधोमध काचेच्या टेबलावर त्याचा अँप्लिफायर, त्यावर चार जाडजूड व्हॉल्व्ह. वायरी मनगटाएवढ्या जाड. इतक्या जाड वायरींतून शेवटी काय वाजायचं, तर जावयाची निवड.

नणंद चहा घेऊन आली. नानांचं नाक आणि नानांचा हट्टी जबडा तिच्याकडे जसाच्या तसा आला होता.

"वहिनीचं मन वाईट नाही, बाई," ती म्हणाली. "पण तिने स्वतःच कबूल केलं, चुकलं असेल म्हणून. उद्या औषधाच्या डोसात चुकली तर? माझे वडील आहेत ते."

तिला खरोखर भीती वाटत होती. फ्यूजबाईंना ते दिसलं, म्हणून त्यांनी तिला काही टोचलं नाही. टोमण्यांचा साठा त्यांनी जावयासाठी राखून ठेवला.

"तुम्ही जाणकार," त्या जावयाला म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना दात आवळावे लागले. "नानांसाठी तसंच मशीन बांधतेय. सिक्स व्ही सिक्स मिळेनात. म्हटलं सिक्स एल सिक्स घालते. पाय तर जुळतात."

जावयाने कप खाली ठेवला.

"छे छे, चुकूनसुद्धा नको," तो म्हणाला. "पाय जुळून काय होतंय? हीटरचा करंट दुप्पट. छोटा ट्रान्सफॉर्मर बघता बघता भाजून निघेल. अशा वेळी आधी करंट बघायचा, मग प्लेटचं व्होल्टेज, मग बायस. लोक डोळे झाकून व्हॉल्व्ह बदलतात आणि मग रडत बसतात."

सगळं बरोबर होतं, शब्दन् शब्द. परवापर्यंत हाच माणूस असं म्हणणाऱ्या सुनेला हसत होता. जे त्याला जन्मभर कळलं नव्हतं ते एका आठवड्यात इतकं चोख कळलं होतं, की त्याने ते मुद्दाम शोधून वाचलं असणार. आणि ज्याने सिक्स एल सिक्स घातलेच नाहीत, तो त्यांनी ट्रान्सफॉर्मर का जळतो हे शोधून वाचत नाही.

फ्यूजबाईंनी चहा संपवला. "बरं झालं विचारलं ते. रविवारी नानांना न्यायला येणार आहात ना? वकील आणि डॉक्टरांनाही बोलवा. मला दोन शब्द बोलायचेत."

जावई खूश झाला. आपल्या ज्ञानाचा जाहीर सत्कार होणार, असा काहीसा भाव त्याच्या तोंडावर आला. त्याच्यामागे ट्रे हातात घेऊन नणंद उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या चार व्हॉल्व्हकडे बघत होती.

५

रविवारी सकाळी वरच्या खोलीत तिन्ही कानसेन आपापल्या खुर्चीवर बसले. नाना खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. सून दाराशी उभी होती, कारण तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

फ्यूजबाईंनी पत्र्यावरची कडी दाखवली, चकचकीत काचा दाखवल्या आणि डब्याचं उदाहरण दिलं. दुसरी जोडी घातली कुणी, एवढाच प्रश्न उरला, असं म्हणून त्यांनी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला. यांनी दोघांनी मला अजूनही नानांचं दुसरं मशीन जाळायचा सल्ला दिला. म्हणजे हे दोघं निर्दोष आहेत. मूर्ख आहेत, पण निर्दोष आहेत."

वकिलाने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं. मग वाक्याचा शेवट त्याच्या लक्षात आला आणि त्याने ते मिटलं.

"तिसऱ्याने मला वाचवलं," फ्यूजबाई म्हणाल्या. "करंट, व्होल्टेज, बायस, सगळं घडाघडा सांगितलं. जावईबापू, पाय जुळले की जमलं म्हणत होतात ना? मत बदललं कधी?"

"हा काय पुरावा झाला?" जावई हसला. "माणसाने वाचन करू नये का?"

"पुरावा मी आणलाय," नणंद म्हणाली.

तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेले दोन मोठे व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले. काचा स्वच्छ होत्या, इतक्या की त्यांवरचे नंबरही उरले नव्हते. बूड आणि काच जिथे मिळतात त्या खाचेत मात्र तपकिरी डांबर बसलं होतं.

"त्या शनिवारी रात्री घरी आल्यावर हे ही जोडी स्पिरिटने पुसत बसले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, नानांची ही अवस्था आणि तुम्हाला सफाई सुचतेय? तर म्हणाले, धूळ बसलीय. त्या दिवशी चहाच्या वेळी यांचं भाषण ऐकलं आणि मला ती सफाई आठवली. घरच्या मशीनवरच्या उरलेल्या दोघांवर नंबर आहेत. या दोघांवरचेच तेवढे गेलेत."

फ्यूजबाईंनी सिक्स व्ही सिक्स उपसून एक व्हॉल्व्ह त्या जागी बसवला. रुंद बूड स्वच्छ कड्यावर तंतोतंत टेकलं. कुठेही रेघभर पांढरा पत्रा दिसेना.

वकील आणि डॉक्टर बघायला पुढे वाकले. मग जावई बोलला, आणि न बोलता तर बरं झालं असतं.

"वाईट करायचा हेतू नव्हता. तुम्ही दोघांनी वाहवा केलीत की शेवटी सांगणार होतो, ही जोडी माझी. आणि वाहवा केलीतच ना तुम्ही? खर्ज आवडला ना?"

वकील आणि डॉक्टर पडद्याची शिवण बघू लागले.

"एकाला मात्र नाही आवडला," फ्यूजबाई म्हणाल्या. "नाना खुर्चीवर हात आपटत होते. तुम्हाला वाटलं ताल देताहेत. अहो, ते बंद करा म्हणत होते. या खोलीत कान असलेला एकच माणूस होता आणि तुम्ही तिघं त्याच्या मागे बसून माना डोलवत होतात."

"आणि वहिनीवर आळ आला तेव्हा?" नणंदेने नवऱ्याला विचारलं. "मी तिला नाही नाही ते बोलत होते. तुम्ही शेजारी उभे होतात."

"ती स्वतःच म्हणाली ना, चुकलं असेल," जावई म्हणाला. "मग मी मध्ये कशाला पडू?"

फ्यूजबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे अपशब्दांचा चांगला भरणा होता, पण या माणसावर तो खर्च करणं त्यांच्या जिवावर आलं. "खाली जा," त्या म्हणाल्या. "आणि जाताना त्या चांगल्या व्हॉल्व्हना हात लावू नका."

नणंद सुनेजवळ आली. बोलायला तिला वेळ लागला. "वहिनी, मी तुझ्यावर अन्याय केला. नाना इथेच राहतील," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

६

पण नाना भिंतीकडेच तोंड करून राहिले.

नणंदेने त्यांना सगळं सांगितलं. जावयाचं नाव आलं तेव्हा त्यांनी पापणीही हलवली नाही. सून वाटी घेऊन शेजारी बसली, चमचा पुढे केला. त्यांनी डोळे मिटले.

"अजून रागावलेत," सून म्हणाली. तिने चमचा वाटीत टेकवला. "आता काय करू, बाई?"

फ्यूजबाई पलंगाच्या पायाशी उभ्या राहून विचार करत होत्या. नानांना हे नवीन नव्हतंच. दुसरी जोडी बसलीय हे त्यांना पहिल्या काही सुरांतच कळलं असणार. सून खाली होती हेही त्यांना माहीत होतं. मग त्यांचा राग होता कशावर?

"त्या शनिवारी ताई बोलली तेव्हा नाना कुठे होते?"

"इथेच. पलंगावर."

"आणि तू त्यांच्यासमोर काय म्हणालीस?"

"वाद नको म्हणून म्हटलं, की माझं चुकलं असेल."

"चुकलं असेल," फ्यूजबाईंनी तिचीच चाल उचलून वेडावून दाखवलं. त्यांना आता सुनेचाच राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "व्होल्टेज मोजलं होतंस ना? नंबर ताडला होतास? दोन दिवस वाजलं होतं? मग काय चुकलं होतं तुझं? तीन गाढवांची समजूत राहावी म्हणून तू या माणसासमोर त्याची सगळी शिकवण खोटी ठरवलीस. त्याला बोलता येत नाही, अगं. तुला येतं. त्याच्या वाटचंही तूच बोलायचं होतंस."

सुनेने हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग तिने ती बाजूला ठेवली आणि नानांच्या कानाजवळ वाकली.

"नाना, माझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मी सगळं मोजलं होतं. सगळं बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

पलंग करकरला. नानांनी सावकाश, सगळी ताकद लावून, तोंड भिंतीकडून इकडे वळवलं. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग बाजूला ठेवलेल्या वाटीकडे.

"गार झालंय," सून घाईने म्हणाली. "गरम करून आणते."

नानांनी नाही म्हणून मान हलवली आणि तोंड उघडं ठेवून ते थांबले. तिने चमचा भरला.